कार्यालयीन संगणकाचा ताबा आणि उपकरण व्यवस्थापन प्रणाली: या चुका टाळा

लॅपटॉपवर एखादे सॉफ्टवेअर बसवायला जावे आणि अ‍ॅडमिन पासवर्ड मागितला जावा, पेनड्राइव्ह लावावा आणि तो वाचलाच जाऊ नये, किंवा सेटिंग्जमधला हवा तो पर्याय करड्या रंगात गोठलेला दिसावा, यामागे बहुतेक वेळा कंपनीची उपकरण व्यवस्थापन प्रणाली, म्हणजेच एमडीएम, असते. मायक्रोसॉफ्ट इंट्यून, जॅम्फ, वर्कस्पेस वन ही त्यातली परिचित नावे आहेत. संगणकाचा ताबा कोणाकडे राहणार हे तो या प्रणालीत नोंदवला जातो तेव्हाच बहुतांशी ठरून जाते. पण कर्मचारी मात्र नंतर, अडचण आल्यावर, खटपटी सुरू करतात आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

संगणक किती बांधलेला आहे हे न पाहताच उपाय सुरू करणे

'ऑफिसचे खाते जोडले आहे' एवढ्या माहितीवरून काहीच कळत नाही. विंडोजमध्ये सेटिंग्ज, अकाउंट्स आणि 'अ‍ॅक्सेस वर्क ऑर स्कूल' या क्रमाने गेल्यास जोडलेली खाती दिसतात. खात्यावर क्लिक केल्यावर 'इन्फो' हे बटण दिसले, तर संगणक व्यवस्थापनाखाली आहे असे समजावे. ते नसेल आणि फक्त 'डिस्कनेक्ट' असेल, तर बहुधा नुसते खाते नोंदलेले असते. मॅकच्या नव्या आवृत्त्यांत सिस्टिम सेटिंग्जमधील 'जनरल' विभागात 'डिव्हाइस मॅनेजमेंट' आणि आयफोनवर त्याच विभागात 'व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट' येथे हे पाहता येते. अँड्रॉइडवर वर्क प्रोफाइल, म्हणजे कामाच्या गोष्टींसाठीचा वेगळा कप्पा, असेल, तर कामाच्या अ‍ॅपवर बॅगेचे छोटे चिन्ह असते, आणि कंपनीचा अधिकार मुख्यतः त्या प्रोफाइलपुरता राहतो.

स्वतःच्या संगणकावर 'ओके' दाबून मोकळे होणे

माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे, कारण ती घडते तेव्हा काही घडले असे वाटतच नाही. घरच्या विंडोज संगणकावर टीम्स किंवा आउटलुकमध्ये ऑफिसच्या खात्याने प्रवेश केला, की 'अलाउ माय ऑर्गनायझेशन टू मॅनेज माय डिव्हाइस' असा चौकोन अनेकदा आधीच खूण केलेल्या अवस्थेत समोर येतो आणि त्याच्या खाली, सहज नजरेत न भरणाऱ्या अक्षरांत, 'नो, साइन इन टू धिस अ‍ॅप ओन्ली' हा पर्याय असतो. घाईत 'ओके' दाबले आणि कंपनीने आपोआप नोंदणी सुरू ठेवलेली असली, तर स्वतःच्या पैशांनी घेतलेला संपूर्ण संगणक व्यवस्थापनाखाली जातो: पासवर्डचे नियम, डिस्कचे एन्क्रिप्शन (माहिती सांकेतिक रूपात कुलूपबंद करणे), अद्यतनांचे वेळापत्रक हे सगळे बाहेरून ठरू लागते.

त्याहून गंभीर बाब दूरस्थ पुसणीची. इंट्यूनमध्ये 'रिटायर' आणि 'वाइप' अशा दोन वेगळ्या कृती आहेत. पहिलीत कंपनीची खाती, सेटिंग्ज आणि माहिती काढली जाते व वैयक्तिक फायली राहतात. दुसरीत संगणक कारखान्यातून आल्यासारखा कोरा होतो. पूर्ण नोंदणी झालेल्या वैयक्तिक विंडोज संगणकावर दुसरी कृतीही करता येते, आणि कोणते बटण दाबायचे हे आपल्या हातात नसते. अँड्रॉइडचे वर्क प्रोफाइल किंवा अ‍ॅपलची 'युजर एनरोलमेंट' (फक्त कामाचा भाग नोंदवणारी) पद्धत असेल, तर संपूर्ण उपकरण पुसण्याचा अधिकार कंपनीला मिळत नाही. म्हणून स्वतःचा फोन जोडणे अटळ असेल, तर या पद्धतींचा आग्रह धरावा.

खूण आधीच राहून गेली असेल, तर वर सांगितलेल्या जागी 'डिस्कनेक्ट' करता येते. मात्र त्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. ऑफिसच्या खात्यानेच संगणक उघडत असाल, तर अ‍ॅडमिनचे अधिकार असलेले स्थानिक खाते आधी तयार करावे, अन्यथा नाते तुटल्यावर आत शिरण्याचा मार्गच उरत नाही. दुसरे म्हणजे बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची, ४८ अंकी रिकव्हरी की. व्यवस्थापनाखाली सुरू झालेल्या एन्क्रिप्शनची की अनेकदा कंपनीच्या खात्यात साठवलेली असते. पुढे कधी बायोस बदलले आणि संगणकाने ती मागितली, तर बंद झालेल्या खात्यातून ती आपल्याला मिळणार नाही. ती आधीच उतरवून किंवा छापून संगणकाबाहेर ठेवावी.

फॉरमॅट केल्यावर सुटका होईल असे मानणे

कंपनीचा लॅपटॉप नव्याने विंडोज टाकून 'स्वच्छ' करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पण कंपनीचे संगणक पहिल्यांदा सुरू होताच आपोआप जुळवणाऱ्या विंडोज ऑटोपायलट या सेवेत संगणकाच्या हार्डवेअरची ओळख कंपनीच्या नावावर मायक्रोसॉफ्टकडे नोंदलेली असते. अ‍ॅपलकडे तीच नोंद अनुक्रमांकावरून होते. म्हणजे नोंद डिस्कवर नसतेच. डिस्क पुसून नवी प्रणाली टाकली, की पहिल्याच मांडणीच्या वेळी संगणक इंटरनेटवरून स्वतःची ओळख पटवतो आणि कंपनीच्या नावाचा प्रवेशपडदा पुन्हा हजर होतो. दरम्यान संगणकावरचे काम पुसले गेलेले असते, आणि आयटी विभागाच्या दृष्टीने तुम्ही सुरक्षा मोडण्याचा प्रयत्न केलेला असतो.

भीती चुकीच्या जागी बाळगणे

एमडीएम म्हणजे बॉस पडदा पाहतो आहे, असे अनेकांना वाटते. इंट्यूनसारख्या प्रणालीतून प्रशासकाला उपकरणाचे नाव, मॉडेल, अनुक्रमांक, प्रणालीची आवृत्ती, आणि कंपनीच्या मालकीच्या उपकरणावर बसवलेल्या अ‍ॅपची यादी दिसते. ब्राउझरचा इतिहास, वैयक्तिक संदेश, फोटो आणि पासवर्ड दिसत नाहीत. पण इथे निश्चिंत होणे ही उलट दिशेची चूक ठरते. याच प्रणालीच्या मार्गाने दुसरी साधने संगणकावर बसवता येतात: सुरक्षा एजंट, पडद्याची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर, कंपनीचे रूट सर्टिफिकेट (संकेतस्थळाची ओळख खरी मानण्यासाठी संगणक ज्यावर विसंबतो ते प्रमाणपत्र). असे सर्टिफिकेट असेल, तर एन्क्रिप्टेड (https) संकेतस्थळांची रहदारीही वाटेत उघडून तपासता येते. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी असलेल्या चिन्हावरून सर्टिफिकेट उघडून ते कोणी दिले आहे हे पाहावे. तिथे कंपनीचे किंवा एखाद्या सुरक्षा उत्पादनाचे नाव असेल, तर त्या संगणकावरून बँकेचे व्यवहार करू नयेत.

वैयक्तिक फायलींचेही तसेच. कंपनी वनड्राइव्हचे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड साठ्याचे, धोरण लावून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तीनही फोल्डर न विचारता स्वतःच्या क्लाउडवर वळवू शकते. 'मी तर नुसते डेस्कटॉपवर ठेवले होते' असे म्हणून ठेवलेली घराची कागदपत्रे त्यामुळे कंपनीच्या ताब्यातील साठ्यात जाऊन बसतात.

किरकोळ वाटणाऱ्या अडचणी

आयटी विभागाने परवानगी दिली तरी काही बदलले नाही, तर लगेच तक्रार करू नये. विंडोज संगणक इंट्यूनशी साधारण दर ८ तासांनी संपर्क साधतो. 'इन्फो' पानावरील 'सिंक' दाबल्यास तो लगेच साधला जातो. मेल अचानक बंद पडला, तर पासवर्ड बदलत बसण्याआधी उपकरण नियमबाह्य ठरले आहे का, हे 'कंपनी पोर्टल' अ‍ॅपमध्ये पाहावे. राहिलेले अद्यतन किंवा बंद असलेले एन्क्रिप्शन हे त्याचे नेहमीचे कारण असते. कोणत्याही कंपनीशी संबंध नसलेल्या संगणकावर क्रोमच्या मेनूत 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' दिसले, तर अँटिव्हायरसने किंवा 'विंडोज हलके करणाऱ्या' एखाद्या स्क्रिप्टने धोरण लिहून ठेवलेले असण्याची शक्यता असते. मात्र कधीकधी ते घुसखोर सॉफ्टवेअरचेही काम असते, म्हणून दुर्लक्ष करू नये.

नोकरी सोडताना जुना लॅपटॉप विकत घेणे

पैसे भरले, पावती मिळाली, म्हणजे संगणक आपला झाला, असे होत नाही. व्यवस्थापन प्रणालीतून उपकरण काढणे आणि ऑटोपायलटमधील किंवा अ‍ॅपल बिझनेस मॅनेजरमधील (कंपन्यांची उपकरणे नोंदवण्याची अॅपलची सेवा) नोंद काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी हमखास विसरली जाते. दोन्ही झाल्याचे लेखी घ्यावे आणि त्यानंतर, कंपनीतून बाहेर पडण्याआधीच, संगणक एकदा कोरा करून इंटरनेटला जोडून पाहावा. प्रवेशपडद्यावर कंपनीचे नाव आले, तर नोंद अजून शिल्लक आहे, आणि ती फक्त कंपनीचाच प्रशासक काढू शकतो.