शॅमेलिऑनच्या पिंजऱ्यात झाडं कुठली लावायची, आणि कोल्हापूरच्या हवेत टिकणार कुठली

पहिल्यांदा एक सांगून टाकतो, आपल्याकडं बांधाच्या झुडपात कधीमधी दिसतो तो घोयरा, म्हणजे रंग बदलणारा आपला देशी शॅमेलिऑन, पकडून घरी आणायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो संरक्षित आहे, केस होती. मी बोलतोय ते बाहेरच्या जातींबद्दल, येमेन-सौदीकडचा व्हेल्ड शॅमेलिऑन नाहीतर मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन, आणि त्यांचीसुद्धा २०२४ च्या नियमांप्रमाणं पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. ती झालीय असं धरून पुढं बोलू.

नर्सरीत गेलं की माणूस पानांचा रंग बघून झाड उचलतो. इथं ते चालत नाही. व्हेल्ड पाला खातो, म्हणजे गंमत म्हणून नाही, खरंच चावून खातो, त्यामुळं हे पान त्याच्या पोटात जाणार हे धरूनच झाड निवडायचं. पँथर सहसा पाल्याच्या नादाला लागत नाही, पण रिस्क कशाला घ्या.

माझ्या मते एक नंबर जास्वंद. पान, फूल दोन्ही खाल्लं तरी चालतं आणि फांदीला वजन पेलतं. अडचण एकच, तिला ऊन लई लागतं, पिंजऱ्यातल्या एलईडीवर ती पानं गाळायला लागते. म्हणून दोन कुंड्या करा, एक पिंजऱ्यात एक गच्चीवर, आणि पंधरा-वीस दिवसांनी अदलाबदल.

दुसरा आपला मनी प्लांट. त्याच्या चिकात कॅल्शियम ऑक्सलेट असतं हे खरं, तरी जगभरचे शॅमेलिऑनवाले वर्षानुवर्षं हाच वापरतात, थोडंफार कुरतडलं तर चालवून घेतात, पण रोज त्याचाच फडशा पाडत असेल तर काढा. पानं रुंद असल्यानं पाण्याचे थेंब धरतात, आणि हे महत्त्वाचं, कारण शॅमेलिऑन वाटीतलं उभं पाणी सहसा पीत नाही, पानावरचे थेंबच चाटतो. नर्सरीतून घेण्यापेक्षा राजारामपुरीतल्या मावशीच्या गॅलरीतली फांदी तोडून बाटलीत मुळं फोडलेली बरी, का ते पुढं सांगतो. शेफलेरा म्हणजे अंब्रेला प्लांट लपायला झकास. अरेका पाम विषारी नाही, मूळचा मादागास्करचाच, म्हणजे पँथरचा गाववाला, पण त्याच्या काड्यांवर मोठ्या जनावराला नीट बसता येत नाही, तो नुसता आडोसा. खाली कोपऱ्यात स्पायडर प्लांट.

नको ती झाडं: कण्हेर, बिट्टी, रुई, शेर, घाणेरी, डिफेनबेकिया, क्रोटन. कण्हेर तर पिंजऱ्याच्या आसपाससुद्धा नको, हृदयावर जाणारं विष आहे. फायकस बेंजामिना बरेच लोक लावतात, पण तोडलं की पांढरा चीक गळतो आणि तो डोळ्यात गेला तर त्रास, म्हणून छाटल्यावर चीक पूर्ण सुकेपर्यंत आत ठेवू नका.

आता नर्सरीचं. तिथं झाडावर कीटकनाशक मारलेलं असतंच, आणि काही औषधं मुळातून पानात चढतात, ती वरून धुऊन जात नाहीत. पुन्हा क्रिकेट, म्हणजे खाऊ म्हणून सोडलेले रातकिडे, ती पानं खातात आणि तुमचं जनावर क्रिकेट खातं. म्हणून नवीन झाड आणलं की पानं दोन्ही बाजूंनी धुवा, माती झटकून साध्या मातीत लावा (खताच्या बारीक गोळ्या आणि परलाइटचे पांढरे दाणे निघतील ते सगळे फेका) आणि दोन-तीन महिने गच्चीवर ठेवून नवी पानं फुटली की मगच आत घ्या. वाट बघायचा कंटाळा असेल तर मावशीची गॅलरी आहेच. कुंडीच्या तोंडावर नदीतले गोटे धुऊन रचा, प्रत्येक गोटा जनावराच्या डोक्यापेक्षा मोठा, कारण जीभ सुटली की किड्याबरोबर मातीपण पोटात जाते.

वरच्या गरम दिव्यापासून पानं किमान वीतभर लांब ठेवा, नाहीतर करपतात. आणि दिव्याखालची जागा मोकळी पाहिजे, तिथं पेरूची आडवी फांदी बांधा, गुळगुळीत आणि टणक असते. झाडी मधल्या भागात दाट करा, त्याला दिसायचंही असतं आणि लपायचंही.

पावसाळ्यात मात्र हात आवरा. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं भिंतीसुद्धा ओल्या लागतात, त्यात तुम्ही उन्हाळ्यासारखं दिवसातून चारदा पाणी फवारलं की मातीला बुरशी येणार आणि जनावराची छाती भरणार. सकाळी एकदा फवारा, दुपारपर्यंत पानं कोरडी झाली पाहिजेत, होत नसतील तर झाडी कमी करा आणि जाळीचा पिंजरा हवेशीर जागी सरकवा. एप्रिल-मेमध्ये उलट, कुंडी रोज बोट घालून तपासा, पंख्याखाली माती पटकन सुकते.

व्हेल्डला फूल द्यायचं असेल तर मंगळवारी गणपतीसाठी घरची जास्वंद तोडताना त्याचंही एक तोडा आणि फांदीला क्लिपनं लावा. बाजारातलं फूल नको, ते फवारणीचं असतं.