सायकलच्या मागच्या चाकाची खटखट: कोन सैल

रिम धरून चाक आडवं हलवलं की खटखट लागायची. एक्सलचे नट घट्ट होते, म्हणजे कोन (एक्सलवरचा, छर्‍यांना दाबून धरणारा शंकूसारखा नट) सैल. चाक काढून डावीकडचा लॉकनट (कोन जागेवर अडकवणारा नट) 17 मिमीच्या, कोन 15 मिमीच्या पातळ पान्याने सोडला; जाड पाना कोनच्या खाचेत बसतच नाही. छर्रे 1/4 इंची, प्रत्येक बाजूला 9. जुन्यात नवे मिसळू नका, जुने झिजलेले असतात, सगळा भार मोठ्या छर्‍यांवर येतो. कोनला खड्डे पडले होते, तोही बदलला. हबमधली वाटी, जिच्यात छर्रे बसतात, गुळगुळीत निघाली, नशीब! रॉकेलने धुऊन ग्रीस भरलं.

खरी कसरत पुढेच. लॉकनट कसताना कोनही फिरतो आणि चाक जड होतं, म्हणून कोन पान्याने धरूनच कसायचा. क्विक रिलीज (नटऐवजी लिव्हरने चाक कसायची सोय) असेल तर किंचित खेळ, म्हणजे ढिलेपणा, ठेवा, लिव्हर दाबली की तो जातो.