होडी सोडण्याआधी पेट्रोलच्या टाकीची तयारी

हतनूर धरणाच्या फुगवट्यात, चांगदेवच्या बाजूला, आमची मशीनची होडी पावसाआधीच पाण्यात उतरते. धरणाचे ४१ दरवाजे उघडायला लागले की निवांत तयारीला वेळ उरत नाही. म्हणून पथकातल्या नव्या पोरांसाठी हे लिहून ठेवतोय.

आदल्या संध्याकाळी टाकीतून मशीनला पेट्रोल नेणारा पाइप हातात घ्या. आपल्याकडच्या उन्हात रबर तडकतं. दुमडून पाहिल्यावर बारीक भेगा दिसल्या तर तो पाइप बाद, टेप गुंडाळून चालवू नका. मधल्या रबरी बल्बवर, म्हणजे हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायच्या फुग्यावर, बाण असतो, त्याचं तोंड इंजिनाकडे हवं. दोन्ही टोकांच्या कपलिंगमधल्या (जोडणीच्या तोंडातल्या) ओ-रिंगवरून, म्हणजे रबरी कड्यावरून, बोट फिरवा. ओ-रिंग झिजली की दरवेळी पेट्रोल गळतंच असं नाही. पुष्कळदा तिथून हवा ओढली जाते आणि मशीन हवा धरतं, नदीवरचं पाणी ओढायचं इंजिन धरतं तसंच. एक सुटी ओ-रिंग जवळ असू द्या.

टाकी होडीत ठेवून भरायची नाही, मग कितीही घाई असो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. काठावर ती वाऱ्याने निघून जाते, होडीत मात्र तळाला फळ्यांखाली साचून राहते आणि बॅटरीच्या वायरची एक ठिणगी तिला पुरते. पंपावरसुद्धा टाकी पिकअपमधून खाली, जमिनीवर उतरवा. हौद्यात ताडपत्री अंथरलेली असली तर टाकीवर साचणारी स्थिर वीज जमिनीत उतरत नाही. नोझल टाकीच्या तोंडाला टेकवून धरा आणि धार हळू सोडा.

टाकी गच्च भरू नका. पहाटे २५ अंशाला भरलेली २४ लिटरची टाकी दुपारी ४५ अंशाला तापली, तर आतलं पेट्रोल जवळजवळ अर्धा लिटर फुगतं. जागा नसेल तर ते झाकणातून होडीत येणार. २२ लिटरला थांबा. मशीन टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलचं प्रमाण त्याच्या पुस्तकात बघा. पन्नासास एक असेल तर २० लिटरला ४०० मिली. फवारणीच्या पंपाचं उरलेलं मिश्रण यात ओतू नका.

आता जोडणी. झाकणावर हवेचा स्क्रू असेल तर आणताना तो बंद, चालवताना उघडा. दोन वर्षांपूर्वी मी तो उघडायला विसरलो. काठावर मशीन छान चालू झालं, पण तापी-पूर्णेच्या संगमाजवळ धारेत गेल्यावर धापा टाकून बंद पडलं. होडीत दोन म्हाताऱ्या बाया होत्या. बल्ब पाहिला तर चोखलेल्या आंब्यासारखा चपटा. पेट्रोल ओढलं जात होतं आणि त्याच्या जागी आत जायला हवेला वाट नव्हती. स्क्रू सोडला तसा ‘सूंऽऽ’ आवाज आला. तेव्हापासून स्क्रूला हात लावून ‘हवा उघडी’ असं मोठ्याने म्हटल्याशिवाय मी दोर सोडत नाही. तुम्हीही म्हणा.

कपलिंग ‘टक्’ वाजेपर्यंत दाबा, मग उलटं ओढून पाहा. बल्ब बाण वर करून उभा धरा आणि कडक होईपर्यंत दाबा. दोन मिनिटं थांबा. तो ढिला पडला किंवा सांध्याशी वास आला तर निघायचं नाही. टाकी पट्ट्याने आवळा. कोरड्या पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा, टाकीच्या मागे अडकवू नका.

मधे पेट्रोल भरावं लागलं तर काठाला लागा, माणसं उतरवा, मशीन बंद करून थंड होऊ द्या. बिडी आणि मोबाइल लांब. पाइप काढा, टाकी खाली घ्या. सांडलेलं फडक्याने टिपा, नदीत ढकलू नका; तिथेच आपल्या मच्छीमार भावांची जाळी असतात.

परत आल्यावर पाइप लगेच काढा. उन्हात टाकी तापली की आतला दाब पेट्रोल इंजिनाकडे ढकलत राहतो. हवेचा स्क्रू बंद करा, टाकी सावलीत न्या आणि ते फडकं होडीत न कोंबता काठावरच्या दगडावर वाळत घाला.