ड्राफ्टसाठी महाविद्यालयीन खेळाडू कसा पारखावा

ड्राफ्ट म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधील संघांनी दरवर्षी महाविद्यालयीन खेळाडू पाळीपाळीने निवडण्याची प्रक्रिया. या संघांप्रमाणे एखादा खेळाडू जोखायचा असेल, तर सुरुवात आकड्यांपासून न करता सामन्यांच्या चित्रफितींपासून करावी. क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) पाहताना चेंडू कुठे पडला यापेक्षा आधी त्याचे पाय आणि नजर पाहावी: बचावपटू अंगावर येत असताना तो चेंडू फेकण्याचा पहिला पर्याय सोडून दुसऱ्याकडे वळतो का, की घाबरून पळत सुटतो? हे ताडण्यासाठी तोच डाव पुन्हा पुन्हा, शक्यतो तुल्यबळ प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचा, पाहावा लागतो.

त्यानंतरच इंडियानापोलिस येथील कम्बाइनकडे, म्हणजे ड्राफ्टपूर्वी खेळाडूंच्या चाचण्या घेणाऱ्या मेळाव्याकडे, वळावे. तिथल्या ४० यार्डांच्या धावेची चर्चा फार होते. मात्र लाइनमनसाठी (आघाडीच्या रांगेत प्रतिस्पर्ध्याला भिडणाऱ्या खेळाडूसाठी) तिचे पहिले १० यार्डच अधिक बोलके असतात, कारण सामन्यात तो सलग ४० यार्ड क्वचितच धावतो. वैद्यकीय तपासणी आणि मुलाखती यांना, माझ्या मते, त्याहून अधिक वजन द्यायला हवे. उदाहरणार्थ, ती ४० यार्डांची धाव ५.२८ सेकंदांत, म्हणजे संथच, पूर्ण केलेला क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी २००० साली सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढे त्याने सात सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले.

शेवटी सर्व खेळाडूंची गुणानुक्रमे यादी तयार करावी. ड्राफ्टच्या सात फेऱ्यांत आधीच्या हंगामातील सर्वांत कमकुवत संघाला पहिली संधी मिळत असली, तरी संधींची देवाणघेवाण करता येते; म्हणून संघाची तातडीची गरज आणि यादीतील क्रम यांत तफावत पडल्यास, निदान सुरुवातीच्या फेऱ्यांत, यादीवरच विश्वास ठेवावा.