एक्स्टर्नल ड्राइव्ह घेताय? या चुका टाळा

प्रत्येक घरात नाहीतर ऑफिसात ‘त्याला कॉम्प्युटरमधलं कळतं’ असा एक जण असतो. आमच्याकडे तो मी. फोन भरला की लोक आपल्या मनाने ड्राइव्ह घेऊन मोकळे होतात आणि तो रुसला की माझ्या टेबलावर आणून ठेवतात. घेण्याआधी विचारणारा विरळाच. आजवर माझ्यापुढे आलेल्या ड्राइव्हपैकी खरोखर बिघडलेले थोडेच होते. बाकीच्यांचं घोडं एकतर घेतानाच अडलेलं होतं, नाहीतर घरी आणल्यावर पहिल्याच तासात.

अंगठ्याएवढा आणि म्हणे १६ टीबी

मावसभावाने एकदा खिशातून एक चपटी डबी काढली. वर ठसठशीत अक्षरांत ‘एसएसडी १६ टीबी’. (एसएसडी म्हणजे फिरती तबकडी नसलेला, चिपवर डेटा साठवणारा ड्राइव्ह; १ टीबी म्हणजे हजार जीबी.) किंमत नावाजलेल्या कंपनीच्या १ टीबी ड्राइव्हपेक्षाही कमी. मी म्हटलं, “अरे, हे असं नसतं.” तर म्हणे, “दादा, लावून बघ ना. कॉम्प्युटरसुद्धा १६ टीबीच दाखवतोय.”

दाखवत होताच. गोम तिथेच आहे. कॉम्प्युटर काही आत डोकावून जागा मोजत नाही. तो ड्राइव्हचा कारभार बघणाऱ्या कंट्रोलर चिपला विचारतो, तू केवढा? चिप सांगेल ते खरं धरतो. त्या चिपमधलं फर्मवेअर, म्हणजे तिला चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, बदलून तिला खोटं बोलायला शिकवलं की झालं. आत खरी जागा ६४ जीबी असली, तरी बाहेर १६ टीबी. फायली जातात, पट्टी हिरवीगार पुढे सरकते, एकही एरर येत नाही. ६४ जीबी भरले की पुढचा डेटा एकतर हवेत सोडून दिला जातो, नाहीतर आधीच्याच डेटावर गिरवला जातो.

माझं ऐकलं असतं तर हा मावसभाऊ कसला! त्याने फोनमधले तीन वर्षांचे फोटो त्यात हलवले आणि फोन रिकामा करून टाकला. हलवले बरं का, कॉपी नाही केले. महिन्याभराने डबी माझ्याकडे आली. सुरुवातीचे काही हजार फोटो उघडत होते. त्यापुढच्या फोटोंची नावं होती, तारखा होत्या, साइज होता, फक्त फोटो नव्हता. करड्या चौकोनांची रांगच्या रांग. त्यात मुलीचं पहिलं पाऊल होतं, पहिला वाढदिवस होता.

नखाने कडा उचकटून डबी उघडली. आत एक छोटी सर्किट पट्टी, तिच्यावर गोंदाने चिकटवलेलं मायक्रोएसडी कार्ड आणि बाजूला धातूचा एक तुकडा. त्या तुकड्याला कुठलीही वायर जात नव्हती. हातात घेतल्यावर वजनदार वाटावं म्हणून घातलेला. भाऊ बराच वेळ तो तुकडाच निरखत बसला.

“रिकव्हरी सॉफ्टवेअर लावू या का?” लावलं. पण जे कधी लिहिलंच गेलं नाही, ते परत कुठून येणार? घरच्यांच्या चॅट ग्रुपवर टाकलेले काही फोटो मिळाले, तेही दाबून दाबून धुरकट झालेले.

तेव्हापासून माझा शिरस्ता ठरलेला आहे. ड्राइव्ह कुठल्याही कंपनीचा असो, कितीही खात्रीच्या माणसाकडून आलेला असो, पहिली रात्र त्याची परीक्षा. तो रिकामा असतानाच काठोकाठ भरायचा आणि भरलेलं सगळं परत वाचून ताडून बघायचं. विंडोजवर यासाठी एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं छोटंसं फुकट सॉफ्टवेअर आहे, लिनक्स आणि मॅकवर एफ३. या एफ३ चं पूर्ण नाव ‘फाइट फ्लॅश फ्रॉड’, म्हणजे हा रोग किती जुना आहे ते कळेल. सेकंदाला १०० एमबी लिहिणारी १ टीबीची हार्ड डिस्क भरायलाच पावणेतीन तास घेते, वाचायला तेवढेच आणखी. चांगला एसएसडी पुष्कळ लवकर उरकतो. लावायचं आणि झोपायचं. झटपट चाचण्याही मिळतात, मी करत नाही. तीन वर्षांचे फोटो ज्याच्या भरवशावर टाकायचे त्याला एक रात्र देता येत नसेल, तर मला पुढे काही बोलायचं नाही. शिवाय अस्सल ड्राइव्हमधला एखादा जन्मजात दुबळा असेल, तर तोही याच रात्री आडवा होतो आणि परत देण्याची मुदत शिल्लक असते.

ड्राइव्ह स्लो नाही, केबल चार्जरची आहे

ही चूक दुसऱ्याच्या नावावर खपवायचा मोह होतोय, पण ती माझीच.

नवा एसएसडी आणला होता. खोक्यावर सेकंदाला १,००० एमबी. लावला तर ३८ एमबी. फॉरमॅट मारला, पुन्हा ३८. पोर्ट बदललं, ३८. लॅपटॉप बदलला, तरी ३८. दोन संध्याकाळी यात गेल्या. तिसऱ्या दिवशी बदलून मागण्यासाठी तक्रार लिहायला बसलो. कंपनीला सीरियल नंबर हवा म्हणून खोका उघडला, तर आत ड्राइव्हसोबत आलेली वीतभर केबल तशीच गुंडाळलेली. ‘फार आखूड आहे’ म्हणून मी ती बाजूला ठेवली होती आणि फोनच्या चार्जरची लांब पांढरी केबल लावली होती. आखूड केबल लावली, आकडा नऊशेच्या वर गेला. तक्रारीचा मसुदा कोणी बघायच्या आत पुसून टाकला.

दोन्ही केबलींची टोकं हुबेहूब टाइप-सी. पण चार्जरसोबत येणाऱ्या बहुतेक केबलींमध्ये यूएसबी २.० पुरत्याच तारा असतात. त्यांची कमाल ४८० मेगाबिट, कागदावर सेकंदाला ६० एमबी, प्रत्यक्षात ३० ते ४०. म्हणून कॉपीचा वेग चाळिशीच्या आसपास अडून बसला, की ड्राइव्हला दोष देण्याआधी केबलकडे बघा. लिनक्सवाल्यांनी एलएसयूएसबी ही कमांड ‘-टी’ पर्याय लावून चालवली की समोर ४८० एम, ५००० एम की १०००० एम ते सरळ दिसतं. मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये यूएसबीखाली तीच माहिती सापडते. माझ्या ड्राइव्हच्या केबलला आता दोन्ही टोकांना लाल चिकटपट्टी आहे आणि चार्जरच्या खणात तिला प्रवेश नाही. घरातल्यांनी यावरून माझी पुरेशी चेष्टा करून झाली आहे.

केबल झाली की पोर्ट. इथे वेगांना नावं देणाऱ्यांनीच घोळ घातलाय. २००८ चं यूएसबी ३.० पुढे ‘३.१ जेन १’ झालं, मग ‘३.२ जेन १’. वेग तिन्हींचा ५ गिगाबिटच. तेव्हा खोक्यावर ३.२ बघून हरखू नका, शेजारी गिगाबिट किती ते वाचा: ५, १० की २०. यातला २० वाला बऱ्याच लॅपटॉपना झेपत नाही आणि तो गुपचूप १० वर उतरतो. पैसे मात्र २० चे गेलेले असतात. गिगाबिट म्हणजे गिगाबाइट नव्हे. आठाने भागा आणि आलेल्या उत्तरातून थोडं आणखी सोडून द्या.

फोनचंही तेच. २०२३ च्या आयफोन १५ ला टाइप-सी पोर्ट आलं, पण साध्या मॉडेलला वेग यूएसबी २ चाच. १० गिगाबिट फक्त प्रोला. स्वस्तातल्या कित्येक अँड्रॉइड फोनांचीही हीच गत. असा फोन असेल तर वेगासाठी महागडा एसएसडी घेऊ नका. सायकलला विमानाचं इंजिन लावून उपयोग काय?

फोनला फिरती हार्ड डिस्क

लावली की ‘टक्... टक्... टक्’. मग ‘ड्राइव्ह मेला’ म्हणून फोन. मेलेला नसतो, उपाशी असतो. आतली तबकडी फिरवायला सुरुवातीला जास्त वीज लागते आणि फोन ती देत नाही. आयफोन १५ जास्तीत जास्त ४.५ वॅट देतो. फोनसाठी एसएसडी किंवा टाइप-सी पेनड्राइव्ह घ्या. हार्ड डिस्कच लावायची असेल तर स्वतःची वीज असलेला हब (एका पोर्टची अनेक पोर्टं करणारी डबी) मध्ये घाला. टकटक ऐकूनही पुन्हा पुन्हा लावून बघू नका.

‘फॉरमॅट करा’ म्हटलं म्हणून केला

लॅपटॉपवर व्यवस्थित चालणारा ड्राइव्ह फोनला लावला. फोन म्हणाला, ड्राइव्ह खराब आहे, फॉरमॅट करायचा का? माणसाने ‘हो’ दाबलं. सगळं साफ.

ड्राइव्ह ठणठणीत होता. तो एनटीएफएसमध्ये, म्हणजे फायली मांडायच्या विंडोजच्या पद्धतीत, होता आणि फोनला ती भाषा येत नव्हती, एवढंच. फोनांची ही खोड आहे: जे वाचता येत नाही ते खराब. विंडोजही मॅकच्या ड्राइव्हबद्दल असंच बोलतं. असा प्रश्न आला की नाही म्हणा, ड्राइव्ह काढा आणि तो जिथे चालत होता तिथे लावून बघा. घाईघाईने ‘ओके’ दाबायची सवय फोननेच लावली आहे हे मला मान्य, पण या एका ठिकाणी हात आवरा.

थोडक्यात भाषा अशा: एफएटी३२ सगळीकडे चालतं, पण त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, म्हणून लांबलचक व्हिडिओ अडकतो. एनटीएफएस मॅकला वाचता येतं, त्यावर लिहिता येत नाही. फोन, विंडोज आणि मॅक अशी तिहेरी ये-जा असेल तर मी ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करतो, आणि तोही ड्राइव्ह रिकामा असताना, पहिल्याच दिवशी.

एक्सफॅटचं एक दुखणं सांगून ठेवतो. काय लिहायचं चाललं होतं याची नोंदवही ते ठेवत नाही, त्यामुळे मध्येच ओढून काढलं तर एनटीएफएसपेक्षा जास्त नुकसान होऊ शकतं. इथे कुणीतरी हुशार मुलगा म्हणतोच, “काका, २०१८ पासून विंडोज १० मध्ये इजेक्ट करायची, म्हणजे काढण्याआधी कॉम्प्युटरला सांगायची, गरज नाही.” अर्धं खरं आहे. त्या वर्षीच्या १८०९ अपडेटपासून ‘क्विक रिमूव्हल’ (न सांगता काढता येण्याची सोय) हा मूळ पर्याय झाला. पण लिहिणं चालू असताना काढलं तर कुठलाही पर्याय वाचवत नाही, आणि पाठीमागे काय चालू आहे हे आपल्याला दिसत नाही. मी इजेक्ट करतो. दोन सेकंद लागतात.

बाकीच्या, भरभर

कट-पेस्ट करू नका. कॉपी करा, चार फायली उघडून बघा, मगच मूळ पुसा. आणि मूळ पुसलं की ड्राइव्हवरचा बॅकअप हा बॅकअप राहत नाही, ती एकुलती एक प्रत होते. दुसरा ड्राइव्ह घ्या, भले हळू आणि साधा.

स्वस्त एसएसडी पहिले काही जीबी झपाझप घेतो आणि मग मुंगीच्या पावलाने चालतो. तो बिघाड नाही. आतला जलद कप्पा भरला, एवढाच त्याचा अर्थ.

एसएसडी कपाटात वर्षानुवर्षं विसरू नका. त्यात डेटा विद्युतभाराच्या रूपात साठतो आणि वीज न मिळाल्यास तो हळूहळू झिरपतो. कपाटात ठेवायला हार्ड डिस्क बरी.

चालू हार्ड डिस्क उचलून दुसरीकडे ठेवू नका. तिला केबलवर लोंबकळतही ठेवू नका. कित्येक छोट्या पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं पोर्ट थेट डिस्कच्याच बोर्डवर असतं. ते तुटलं तर आतली डिस्क काढून दुसऱ्या डबीत घालायचा रस्ताही बंद.

पासवर्ड लावलात तर तो ड्राइव्हच्या बाहेर कुठेतरी लिहून ठेवा. हसू नका, पासवर्डची फाइल त्याच ड्राइव्हवर ठेवणारे दोघे मला भेटले आहेत.

मावसभावाने मध्यंतरी नवा ड्राइव्ह घेतला, यावेळी मला विचारून, १ टीबीचा. रात्री साडेअकराला मेसेज: “दादा, ९३१ जीबीच दाखवतोय. परत फसलो का रे?” फसला नव्हता. कंपनी १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरते आणि तेवढे देतेही. विंडोज मात्र हजाराऐवजी १०२४ ने भागत जातं, म्हणून आकडा ९३१ वर येतो. मॅक २००९ पासून हजारानेच भागतो, तिथे हाच ड्राइव्ह पुरा १ टीबी दिसला असता. एवढं सगळं त्या वेळी टाइप करायचा कंटाळा आला. “बरोबर आहे, टेस्ट लावून झोप,” एवढंच लिहिलं.