गल्लीतला दिवा बंद? मग असं करा
नळाचं पाणी, कचरा, रस्त्यावरचे दिवे हे सगळं पुण्यात महानगरपालिका बघते, १९५० पासून, आणि पैसे येतात आईबाबा भरतात त्या मिळकतकरासारख्या करांतून. आता समजा गल्लीतला दिवा बंद पडलाय. आधी खांबावर नंबर रंगवलाय का बघा, फोटो काढा, "बेकरीसमोरचा तिसरा खांब" अशी खूण लिहा, नुसतं "आमच्या इथे अंधार आहे" म्हटलं तर वायरमन काका शोधणार कुठे? मग आजोबांना घेऊन क्षेत्रीय कार्यालयात, म्हणजे पालिकेच्या आपल्या भागातल्या ऑफिसात, अर्ज द्या, दोन कॉपी न्या हं, एकीवर शिक्का आणि तारीख मारून घ्यायची, तीच पोच. आठवडाभरात काही हललं नाही तर ती घेऊन परत जायचं. घरातली लाईट गेली तर मात्र महावितरण, म्हणजे वीज कंपनी, तिथे पालिकेला फोन करून उपयोग नाही.