दहावीच्या मुलांचा व्हॉट्सअ‍ॅप गट अभ्यासाचा कसा ठेवावा

गट काढणं सगळ्यांनाच येतं. पालकांची संमती घ्या, मुख्याध्यापकांच्या कानावर घाला आणि काढा. एक तुकडी, एक विषय. व्हॉट्सअ‍ॅप १०२४ जण घेतं म्हणून सगळ्या तुकड्या एकत्र कोंबू नका. गटात सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, तेव्हा सदस्य जोडायचा अधिकार फक्त अ‍ॅडमिनकडे ठेवा. बऱ्याच घरांत मोबाइल एकच असतो आणि तो आई-बाबा कामावरून आल्यावर हाती येतो, म्हणून वेळ रात्री ८ ते ९.३०. शुभ सकाळ पहिल्याच दिवशी बंद.

खरी पंचाईत पुढे असते. मला सगळ्यात जड गेलं ते मुलांना एकमेकांशी बोलतं करणं. ‘नोट्स टाका, चर्चा आपोआप होईल’ असं सांगणाऱ्याने गट चालवलेला नसतो. पीडीएफ टाकली की अंगठे येतात, ‘थँक यू सर’ येतं, वाचत कोणी नाही. प्रश्न आल्याबरोबर सरांनी उत्तर दिलं तर संपलंच. सर सांगणारच आहेत, मग आपण डोकं कशाला चालवायचं?

माझ्याकडे दोन नियम आहेत आणि त्यांत सूट नाही. ‘सर, हे गणित येत नाही’ याला उत्तर मिळत नाही. वहीचा फोटो टाकायचा आणि जिथे अडलं तिथे पेन्सिलीने गोल करायचा. दुसरा नियम शिक्षकाला: तासभर तोंड उघडायचं नाही. हात शिवशिवतात, तरी नाही. वर्गसमीकरणात मधल्या पदाचा सहगुणक −५, शेवटचं पद −१४. एका मुलीने −७ आणि −२ अशी फोड केली. मी गप्प. थोड्या वेळाने मागच्या बाकावरच्या एकाने लिहिलं, ‘अगं, दोन्ही वजा घेतलेस तर गुणाकार अधिक १४ येईल ना?’ तिने लगेच −७ आणि +२ केलं. हे मी फळ्यावर कितीदा सांगितलं होतं! कोणी चुकीचं उत्तर दिलं तरी लगेच खोडू नका, ‘ताळा करून बघ’ एवढंच लिहा. गाइडच्या पानाचा फोटो मात्र दिसताक्षणी उडवा. अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो.

बुजरी मुलं खासगीत विचारतात. तिथे उत्तर देऊ नका. त्यांना विचारून तोच प्रश्न नाव न घेता गटात टाका. रात्री एकेका विद्यार्थ्याशी खासगीत बोलत बसणं तसंही बरं नव्हे.

पोल घेऊन चाचणी घेऊ नका. कोणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं, मग हुशार मुलाचं मत पडेपर्यंत बाकीचे थांबतात. सहलीची तारीख ठरवायला पोल ठीक.

बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की सगळ्यांना काढून गट बंद करा. नाहीतर जूनपर्यंत त्यावर क्लासच्या जाहिराती सुरू झालेल्या असतात.